देवाची तारीख, कारागिराचे नाव

हमरापूरच्या गणपती कारखान्यांचा इतिहास लिहायला बसावे तर पहिला कागद हाती घ्यावा तो पंचांगाचा. पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर जिते आणि पेण यांच्या मधले हे लहानसे स्थानक. गावात शिरले की घरांच्या पडव्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये, प्लास्टिकच्या कागदाखाली ओळीने मांडलेल्या मूर्ती दिसतात. शेजारची जोहे, तांबडशेत, कळवे ही गावेही याच धंद्यात आहेत. पेण शहरात देवधरांसारख्या मूर्तिकार घराण्यांच्या चित्रशाळांत हात तयार झालेले कारागीर आपापल्या गावी परतले, त्यांनी घरीच साचे मांडले आणि त्यातून हा पट्टा उभा राहिला, असे या भागात सांगितले जाते. आज इथे शेकडो कारखाने आहेत, आणि इथल्या मूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशांतल्या मराठी घरांपर्यंत जातात.

आता पंचांगातल्या सहा तारखा एकाखाली एक लिहू. गणेश चतुर्थी २०२० साली २२ ऑगस्टला आली, २०२१ साली १० सप्टेंबरला, २०२२ साली ३१ ऑगस्टला, २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. एका चतुर्थीपासून दुसरीपर्यंतचे दिवस मोजले तर ३८४, ३५५, ३८४, ३५४ आणि ३५४ असे आकडे निघतात. म्हणजे कारखानदाराचे वर्ष कधी साडेअकरा महिन्यांचे असते, तर अधिक मास आला की साडेबारा महिन्यांहून मोठे.

हा हिशोब साधा वाटतो, पण उद्योगाची सगळी ओढाताण त्यात आहे. बँकेचा हप्ता इंग्रजी महिन्याने द्यावा लागतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे तिथीने येतात. अधिक मासाच्या वर्षी कारागिरांची मजुरी आणि कर्जाचे व्याज एक महिना जास्त सोसावे लागते. उलट चतुर्थी ऑगस्टमध्ये आली की रंगकामाचे शेवटचे आठवडे ऐन जुलै-ऑगस्टच्या पावसात सापडतात. बाहेर धार लागलेली असते आणि आत ओल्या मूर्ती वाळत नाहीत. इतर कुठल्याही धंद्यात माल चार दिवस उशिरा पोचला तर दंड पडतो किंवा सूट द्यावी लागते. इथे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तयार झालेल्या मूर्तीला गिऱ्हाईकच उरत नाही. ही मुदत कुठल्या करारात लिहिलेली नाही. ती श्रद्धेने घातलेली आहे, म्हणूनच ती कोणाला वाढवता येत नाही.

श्रद्धा आणि उद्योग यांच्या नात्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. चिनी व्यापाऱ्यांच्या बाबतीत तर शंभर वर्षे वाद चालू आहे. माक्स वेबर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले की चीनच्या धर्मविचारातून आधुनिक भांडवलशाही उगवू शकली नाही. पुढे त्याच चिनी समाजाने हाँगकाँग, तैवान, सिंगापूर इथे जो उद्योग उभारला त्याने त्या मांडणीला आव्हान दिले. पण असे वाद बहुधा धर्मग्रंथांवरून चालतात. धंद्यातला देव धंद्याच्या कागदांत शोधावा, असे मला वाटते. तारखा, परिपत्रके, पत्रे, देवळावरचे नाव, न्यायालयाचे आदेश यांत तो काय करताना दिसतो आणि त्याच्या शेजारी कोण दिसत नाही, हे पाहावे.

हमरापूरच्या कागदांकडे वळण्याआधी कामाचा क्रम ध्यानात घ्यायला हवा, कारण त्याच्याशिवाय तारखांचा अर्थ लागत नाही. एका वर्षीचे विसर्जन झाले की पुढच्या वर्षाचे काम सुरू होते. शाडू गुजरातेतून, भावनगरकडून येतो. प्लास्टर ऑफ पॅरिस ज्या जिप्समपासून होते ते मुख्यतः राजस्थानातले. साच्यातून मूर्ती काढायची, प्लास्टरच्या मूर्तीला आतून काथ्याचा आधार द्यायचा, हात-सोंड जोडायची, वाळवायची, घासून गुळगुळीत करायची आणि पांढरा हात द्यायचा. या टप्प्यावरच्या कच्च्या मूर्ती हजारोंनी बाहेरगावी जातात आणि तिथले कारखानदार त्या रंगवतात. उरलेल्यांवर अंगाचा रंग, पीतांबर, शेला, दागिने चढतात, आणि अखेर डोळ्यांची आखणी होते. आखणी प्रत्येकाच्या हातची नसते. कारखान्यात शंभर हात असले तरी डोळे उघडणारे हात दोन-चारच. परदेशी जाणाऱ्या मूर्ती जहाजाने जातात, म्हणून त्या उन्हाळ्यातच तयार लागतात. एकूण पाहता पावसाळा लागेपर्यंत मोठा माल साच्याबाहेर निघालेला असतो आणि त्यात पैसा अडकलेला असतो.

कोकणात मूर्ती ठरवायची जुनी रीत आहे. घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा, सोबत नारळ-सुपारी ठेवायची. पाट दिला म्हणजे बोली पक्की झाली. त्यावर सही नसते, तिकीट नसते. तरी त्या पाटावर दुसऱ्याची मूर्ती बसत नाही आणि पाट देणारा दुसऱ्या कारखान्यात जात नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हा आगाऊ नोंदवलेला सौदाच आहे. त्याला जामीन देव आहे.

आता २०२० सालचे कागद क्रमाने लावू. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी लागली. १२ मे रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई सांगितली. चतुर्थीला तेव्हा १०२ दिवस उरले होते. दहा दिवसांनी, २२ मे रोजी, केंद्र सरकारने ही मनाई एका वर्षासाठी पुढे ढकलली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ११ जुलैला राज्याच्या गृह विभागाचे परिपत्रक आले. सार्वजनिक मंडळाची मूर्ती ४ फुटांपर्यंत, घरची २ फुटांपर्यंत. त्याच परिपत्रकात असेही सुचवले होते की शक्य तर या वर्षी नेहमीच्या मूर्तीऐवजी घरातल्या धातूच्या किंवा संगमरवरी मूर्तीचे पूजन करावे. चतुर्थी ४२ दिवसांवर होती.

साथीच्या काळात गर्दी टाळायला हवीच होती, आणि त्या परिपत्रकाचा हेतू तोच होता. पण कामाचा क्रम शेजारी ठेवला की त्या कागदाची दुसरी बाजू दिसते. ११ जुलैला ४ फुटांहून उंच मूर्ती आधीच साच्याबाहेर आलेल्या होत्या. उंची नंतर कमी करता येत नाही. घरच्या धातूच्या मूर्तीचे पूजन करा हे वाक्य भक्ताला उद्देशून आहे आणि भक्ताच्या दृष्टीने ते रास्त आहे. मूर्तिकाराला मात्र त्याचा अर्थ असा होतो की वर्षभराचे काम घेणारा या वर्षी न आला तरी चालेल. त्या वाक्यात मूर्तिकार कुठेच नाही.

२०२५ सालचे कागदही असेच वाचावे लागतात. ३० जानेवारीला, माघी गणेश जयंतीच्या दोन दिवस आधी, मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्तींवरची मनाई काटेकोर अमलात आणायला सांगितले. राज्याने डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोगाकडून अभ्यास करवून घेतला. ९ जूनला मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलाशयात विसर्जनाला नाही. २४ जुलैला ६ फुटांपेक्षा उंच मूर्तींसाठी समुद्र-नदीतल्या विसर्जनाची ठरावीक काळापुरती सवलत मिळाली. पहिल्या आदेशापासून दुसऱ्यापर्यंत १३० दिवस गेले आणि ते साच्याच्या कामाचे दिवस होते. दुसऱ्या आदेशानंतर चतुर्थीला ७९ दिवस उरले.

पाण्याची बाजू खरी आहे. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, रंगांतले धातू तळाशी साचतात, आणि विसर्जनानंतरच्या किनाऱ्यांवरची भग्न मूर्तींची रास कुठल्याही भक्ताला पाहवत नाही. निर्बंध हवेत, हे मला मान्य आहे. पण या सगळ्या कागदांमध्ये भक्त आहे, मंडळ आहे, पाणी आहे, देव आहे. मूर्तिकार येतो तो नियम पाळणारा किंवा मोडणारा म्हणून. कोणत्या महिन्यात त्याच्या हाती काय असते, याची नोंद या कागदांत सापडत नाही.

२०२० सालचीच आणखी एक नोंद आहे. २५ जूनला केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तामिळनाडूतल्या आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे बोलताना विचारले, की जी गणेशमूर्ती आपण परंपरेने गावच्या कुंभाराकडून घेतो, तीसुद्धा चीनमधून का यावी? गलवानच्या चकमकीला तेव्हा दहा दिवस झाले होते आणि तो प्रश्न देशभर गाजला. हमरापूरच्या बाजूने पाहिले तर त्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. मातीच्या धंद्यात शेकडो वर्षे मुरलेला तो चिनी कारागीर स्वतः कोणाला नमस्कार करतो?

चिनी माती आपल्या किनाऱ्याला नवी नाही. रायगड जिल्ह्यातल्याच चौलच्या जुन्या बंदरात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले तेव्हा चिनी भांड्यांचे तुकडे निघाले. ‘चिनी माती’ हा आपला शब्दच त्या व्यापाराचा साक्षीदार आहे. अशा भांड्यांचे सर्वांत नामांकित गाव म्हणजे च्यांगशी प्रांतातले जिंगदेझेन. तिथल्या भट्टीच्या देवाबद्दल दोन कागद टिकून आहेत आणि ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला कागद १ सप्टेंबर १७१२ चा. फ्रांस्वा झेव्हिए दांत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने युरोपला पाठवलेले पत्र. जिंगदेझेनच्या कारागिरांत त्याचे ख्रिस्ती झालेले अनुयायी होते, त्यामुळे त्याला काम आतून पाहता आले. गावात तीन हजार भट्ट्या असल्याचे तो लिहितो. प्रत्येक धंद्याला आपला देव असतो तसा भट्टीवाल्यांनाही आहे, असे सांगून त्याची कथा तो देतो. बादशहाने एका नमुन्याची भांडी मागवली, ती काही केल्या साधेनात, अधिकारी मारझोड करू लागले. अखेर एका कामगाराने जळत्या भट्टीत उडी घेतली. त्या खेपेची भांडी मात्र निर्दोष निघाली, आणि तो कामगार भट्टीचा देव झाला. पत्रात कामगाराचे नाव नाही.

दुसरा कागद त्यानंतर काही वर्षांचा. तांग यिंग हा सरकारी अधिकारी १७२८ साली शाही भट्टीच्या देखरेखीसाठी जिंगदेझेनला आला. त्याने त्या देवाचे चरित्र लिहिले आणि त्यात नावगाव दिले. टोंग बिन हा तिथलाच भट्टीकामगार. साल १५९९, मिंग घराण्यातल्या वानली बादशहाचा काळ. दरबारने पाठवलेला कर-अधिकारी पान श्यांग हा ड्रॅगनचे चित्र असलेले प्रचंड रांजण मागत होता, रांजण तडकत होते, कामगारांना फटके बसत होते आणि उपासमार होत होती. टोंग बिनने भट्टीत उडी घेतली. त्याच्या नावाने देऊळ उभे राहिले. तांग यिंगने त्या देवळासाठी चिनी मातीचाच निळ्या अक्षरांचा नामफलक घडवून दिला.

कथेतला चमत्कार बाजूला ठेवू. रांजण माणसाच्या बळीमुळे साधला, असे कोणी इतिहासकार म्हणणार नाही. पण दोन्ही कागदांत एक गोष्ट सारखी आहे: मागणी अशक्य होती, वर मारहाण होत होती, आणि एक कारागीर मेला. त्याच पान श्यांगच्या जुलुमाविरुद्ध जिंगदेझेनमध्ये दंगा होऊन शाही भट्टीच्या इमारतींना आग लावल्याची नोंद मिंगकालीन इतिहासात आहे. म्हणजे देवाच्या कथेतला जुलूम खरा होता. त्या जुलुमात मेलेला कामगार देव झाला. जो कागदावर मावला नाही तो देव्हाऱ्यात ठेवला. भट्टी पेटवण्यापूर्वी त्या देवाला वाहिलेल्या धुपात बरकतीची मागणी असेलच, पण मेलेल्या सोबत्याची आठवणही होती.

याच श्रद्धेची दुसरी तऱ्हा मुंबईत पाहायला मिळते. माझगावात डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ सी यप मंदिर नावाचे चिनी देऊळ आहे, १९१९ सालचे. ते कँटनकडच्या दर्यावर्दी चिनी लोकांनी उभारले. ‘सी यप’ म्हणजे चार तालुके. ग्वांगतुंग प्रांतातल्या ज्या चार तालुक्यांतून ही माणसे आली त्यांचेच नाव देवळाला आहे. इथला मुख्य देव ग्वान गोंग, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला सेनापती ग्वान यू. दिलेला शब्द प्राणापलीकडे पाळणारा म्हणून तो चिनी व्यापाऱ्यांचा देव झाला, दुकानांत आणि पेढ्यांवर बसला. परक्या बंदरात ज्याची ओळख नाही त्याला उधार कोण देणार? ज्याच्या साक्षीने शब्द दिला तो देव दोघांचाही असला की व्यवहार सोपा होतो. गिरणगावात आपल्या कोकणी गावकरी मंडळांच्या ज्या खोल्या होत्या, त्यांत ग्रामदेवतेच्या तसबिरीखाली एका गावची माणसे वळकटी टाकून राहत आणि अडीनडीला एकमेकांना पैसे देत. माझगावचे देऊळ हे चार तालुक्यांच्या माणसांचे तसेच ठिकाण होते.

आता तिन्ही ठिकाणे एका ओळीत ठेवली की फरक दिसतो. माझगावात देव व्यवहाराचा साक्षीदार आहे. जिंगदेझेनमध्ये देव घडवण्याच्या कामाचा रक्षक आहे, पण भट्टीतून निघणारे भांडे हे भांडेच असते. ते कोणत्याही दिवशी विकता येते आणि या वर्षी नाही खपले तर पुढच्या वर्षी खपते. हमरापूरला कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तूच देव होणार असते. प्राणप्रतिष्ठा घरी पाटावर बसल्यावर होते, तरी साच्यातून काढताना, डोळे आखताना, टेम्पोत चढवताना कारागीर तिला बाप्पाच म्हणतो. त्यामुळे इथे श्रद्धा धंद्याला भांडवलही पुरवते आणि जोखीमही. गिऱ्हाईक दर वर्षी नव्याने येते, कारण मूर्ती विसर्जनासाठीच घडवलेली असते. ही मागणी कुठल्याही जाहिरातीने निर्माण झाली नसती. पण त्याच श्रद्धेने तारीख पक्की केली आहे, आणि तारखेच्या पलीकडे मालाला किंमत राहत नाही. म्हणून चौथ्या महिन्यात निघालेला आदेश आणि सातव्या महिन्यात निघालेला आदेश, शब्द एकच असले तरी, हमरापूरच्या कारखानदारासाठी दोन वेगळे आदेश असतात.

कागदांच्या आधाराने इतके म्हणता येते. श्रद्धा कारागिराला श्रीमंत करते की नाही, हे एका गावावरून सांगता येत नाही. पण ती बाजार बांधते, मुदत घालते आणि अनोळखी माणसांत शब्दाला वजन देते, हे चीनमध्येही दिसते आणि पेण तालुक्यातही. दोन्हीकडे आणखी एक गोष्ट सारखीच आहे. देवाची नोंद चोख राहते, घडवणाऱ्याची राहत नाही. तांग यिंगच्या हातून टोंग बिनचे चरित्र लिहिले जायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली, तेही त्या अधिकाऱ्याला ते लिहावेसे वाटले म्हणून.

हमरापूरला तसा उशीर व्हायचे कारण नाही. प्रत्येक कारखान्यात वही असते. गिऱ्हाइकाचे नाव, गाव, मूर्तीची उंची, आसन, रंग, दिलेला विसार आणि उरलेली बाकी. मजुरीची वही वेगळी. तीत साच्यावर कोण होते, घासकाम कोणी केले, रंगाला कोणत्या बाया बसल्या, आखणी कोणाच्या हातची, हे सारे उतरलेले असते. २०२० सालच्या वहीत किती पाट परत गेले आणि २०२५ साली किती मूर्ती प्लास्टरच्या जागी शाडूच्या कराव्या लागल्या, हे तिथेच कळेल, दुसरीकडे कुठेही नाही. विसर्जन झाले, देणीघेणी मिटली की या वह्या पोटमाळ्यावर जातात आणि एखाद्या पावसाळ्यात रद्दीत.

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे इथल्या कारखानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. या वर्षीची वही रद्दीत घालू नका. एका कापडात बांधा, वर साल लिहा, आणि पहिल्या पानावर आपल्या कारखान्यात काम केलेल्या प्रत्येक माणसाचे पूर्ण नाव लिहून ठेवा.